भाजी ताटाच्या कडेलाच का राहते?



शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे. जागतिक आरोग्य संघटना 6 ते 9 वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला किमान 350 ग्रॅम फळे-भाज्या सांगते, त्यात बटाटा धरत नाहीत. म्हणजे बाकीचा सगळा भार घरच्या ताटावर आणि डब्यावर आहे.

मग काय करायचं? दटावू नका. "भाजी संपव, मग चॉकलेट देते" म्हटलं की भाजी ही शिक्षा ठरते. नवी चव आवडायला आठ-दहा वेळाही चाखावी लागते. म्हणून एकेक घासच, पण पुन्हा पुन्हा द्या. शाळेच्या परसबागेत मुलांच्या हातून मेथी पेरा, महिन्याभरात ती खुडायला येते. स्वतः खुडलेली, निवडलेली भाजी मुलं सहसा टाकत नाहीत.

फळ म्हणजे महागडं सफरचंदच असं नाही. गावच्या पेरूत संत्र्यापेक्षा जास्त 'क' जीवनसत्त्व असतं. बिस्किटाच्या पुड्याऐवजी डब्यात पेरूच्या चार फोडी द्या.

आणि हो, मुलं आपलं बोलणं कमी ऐकतात, आपलं ताट जास्त बघतात. आधी आपण भाजी वाढून घेऊया!