लेक परदेशात, तगादा घरून



लंडनला शिकणाऱ्या लेकीला ‘काम लागले ना, मग पैसे पाठव’ असा तगादा लावणाऱ्या आईबापांशी आज बोलायचे आहे.

तिथे विद्यार्थी-व्हिसावर पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. हॉटेलात ताटे धुवा की कंपनीत इंटर्नशिप करा, तास मोजले जातात. पगार नसला तरी मोजले जातात. अभ्यासक्रमातच धरलेले, ज्याला गुण मिळतात ते प्रशिक्षण तेवढे वेगळे. मर्यादा मोडली तर व्हिसा रद्द होऊ शकतो. मग कर्ज डोक्यावर आणि पदवी अर्धी! म्हणून इंटर्नशिप घेण्याआधी तिने विद्यापीठाच्या व्हिसा-कचेरीत विचारून घ्यावे.

रविवारी ती फिरायला गेली तर ‘उधळपट्टी’ म्हणू नका. १० किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब १९२१-२२ साली राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली घेतले. आज तिथे संग्रहालय आहे. ते पाहणे हेही शिक्षणच.

फोनवर आधी विचारा, ‘जेवलीस का? अभ्यास कुठवर आला?’ पैशांचे पदवीनंतर पाहू.