लोकशाही लादता येते का?

विद्यार्थी मित्रांनो, मराठीत आपण ज्याला लोकशाही म्हणतो, त्याला तुमच्या उर्दूत जम्हूरियत म्हणतात. 'जम्हूर' म्हणजे जनता. लोकशाहीतला 'शाही' हा भागही फारसीतून मराठीत आला आहे. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच : राज्य जनतेचे आहे.

आता एका प्रश्नाचा विचार करा. एखाद्या देशात हुकूमशहा जनतेवर जुलूम करीत असेल, तर दुसऱ्या बलाढ्य देशाने सैन्य पाठवून तेथे लोकशाही आणावी का?

प्रश्न सोपा नाही. इराकचे उदाहरण घ्या. तेथे १९७९ पासून सद्दाम हुसेन हे राष्ट्राध्यक्ष होते. १९८८ मध्ये त्यांच्या सैन्याने हलबजा या कुर्दांच्या गावावर विषारी वायूचा मारा केला. हजारो निरपराध माणसे मेली. २००२ मध्ये तेथे सार्वमत घेण्यात आले, तेव्हा सद्दाम यांना १०० टक्के मते मिळाल्याचे सरकारने जाहीर केले! एवढ्या मोठ्या देशात एकही विरोधी मत नाही, यावरूनच लोकांच्या मनातील भीती तुमच्या लक्षात येईल. अशा राजवटीतून लोकांची सुटका व्हावी, असे कोणाला वाटणार नाही?

मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी इराकवर हल्ला केला. इराकजवळ महाभयंकर शस्त्रे आहेत, असे कारण त्यांनी सांगितले होते. ती शस्त्रे सापडली नाहीत. पुढे लोकशाही स्थापन करण्याच्या कारणावर अधिक भर दिला जाऊ लागला. तीन आठवड्यांत बगदाद पडले. मे महिन्यात परक्या अधिकाऱ्यांनी इराकचे सैन्य एका हुकमाने बरखास्त केले. लाखो सैनिक बेकार झाले. त्याबाबत इराकी जनतेला कोणी विचारले नाही.

जानेवारी २००५ मध्ये निवडणूक झाली. बॉम्बस्फोटांची भीती असतानाही लोक रांगा लावून उभे राहिले. मतदान करून आलेले लोक शाई लागलेले बोट अभिमानाने उंच करून दाखवीत होते. म्हणजे इराकी लोकांना मताचा हक्क नको होता, असे मुळीच नाही. पण केवळ मतपेटी आल्याने लोकशाही येत नाही. निःपक्षपाती न्यायालये, विश्वासाचे पोलीस आणि हरल्यावरही शांत राहणारे पक्ष एका रात्रीत तयार होत नाहीत. २००६ पासून तेथे आपसांत भयंकर रक्तपात झाला. शेजारी शेजाऱ्याला भिऊ लागला. लाखो लोकांना घरदार सोडावे लागले.

अफगाणिस्तानात २००१ मध्ये परके सैन्य आले. निवडणुका झाल्या, अनेक मुली शाळेत जाऊ लागल्या. हा लाभ लहान नव्हता. पण तेथील सरकार बऱ्याच अंशी परक्या सैन्याच्या आधारावर उभे होते. २०२१ मध्ये तो आधार निघू लागला आणि १५ ऑगस्ट रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले. मोठ्या मुलींच्या शाळा बंद झाल्या.

कोणी म्हणेल, 'मग जपानचे काय? १९४५ मध्ये पराभव झाल्यावर अमेरिकेच्या ताब्यातच तेथे लोकशाही रुजली ना?' ते खरे आहे. पण जपानमध्ये संसद १८९० पासून होती आणि १९२५ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मताचा हक्क मिळालेला होता. जमीन आधीच नांगरलेली होती. शिवाय ते युद्ध लोकशाही देण्यासाठी सुरू झालेले नव्हते.

आता आपल्या देशाकडे पाहा. १९१७ मध्ये इंग्रज सरकारनेही हिंदुस्थानला हळूहळू जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले होते. पण किती हक्क द्यायचे आणि केव्हा द्यायचे, हे मात्र तेच ठरवणार होते. देणारा मालक राहिला, तर घेणारा स्वतंत्र कसा होणार? पुढे आपल्या संविधान सभेने जवळजवळ तीन वर्षे विचारविनिमय करून घटना तयार केली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सुमारे १७ कोटी मतदार होते. बहुतेकांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी निवडणूक चिन्हे ठरवली गेली. लोकांनी चिन्ह ओळखून मते दिली. कारण ती निवडणूक त्यांची स्वतःची होती.

मग दुसऱ्या देशातील जुलूम आपण मुकाट्याने पाहत राहायचे काय? नाही. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाविरुद्ध अनेक देशांनी तेथील सरकारशी व्यापार आणि खेळांचे संबंध तोडले. भारत त्यात आघाडीवर होता. पण लढा तेथील जनतेने दिला. नेल्सन मंडेला यांनी २७ वर्षे तुरुंगवास भोगला. १९९४ मध्ये सर्व वर्णांच्या लोकांनी प्रथमच एकत्र मतदान केले. बाहेरच्यांनी हात दिला, पण पाऊल त्यांनी स्वतः टाकले.

मित्रांनो, लोकशाही म्हणजे आपला निर्णय आपण घेणे. तोफेच्या जोरावर ती आणणारा पहिला निर्णयच लोकांच्या हातून काढून घेतो. जुलमी राजा तोफेने हटवता येतो. पण त्याच्या जागी जनतेला बसायचे असेल, तर तिने स्वतःच उठले पाहिजे.