वेळापत्रकात नसलेली लोकल

१९ ऑगस्ट २०२२ रोजी सकाळी कळवा कारशेडमधून ठाण्याकडे निघालेली लोकल प्रवाशांनी अडवली. कळवा-पारसिकनगर भागातले अनेक नोकरदार स्थानकात न जाता कारशेडपर्यंत चालत येत आणि तिथल्या रिकाम्या गाडीत चढत. कर्जत, कसारा, कल्याणहून येणारी लोकल कळव्याला पोहोचते तेव्हा दारात पाय टेकवायलाही जागा उरत नाही, म्हणून लोकांनी शोधलेली ही वाट. वेळापत्रकात कारशेडला थांबा नाही. रेल्वेच्या नियमातही ही चढउतार बसत नाही. मध्य रेल्वेने ती गाडी वातानुकूलित केली, दारे आपोआप बंद होऊ लागली आणि कागदावर कधीच नसलेली एक सोय एका दिवसात संपली.

त्यानंतरच्या आठवड्यात बदलापूरलाही तेच झाले. संध्याकाळची साधी लोकल वातानुकूलित केल्यामुळे संतापलेल्या प्रवाशांनी स्टेशन मास्तरांच्या कार्यालयासमोर गर्दी केली. २५ ऑगस्टला रेल्वेने नव्या दहा वातानुकूलित फेऱ्या मागे घेतल्या. फेऱ्यांची संख्या ६६ वरून पुन्हा ५६ झाली.

या माघारीचे तेव्हा दोन अर्थ लावले गेले. रेल्वे राजकीय दबावापुढे झुकली, हा एक. इथल्या लोकांना सुधारणाच नको असते, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत. मे २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या तिकिटाचे दर निम्म्याने कमी झाले, तेव्हा याच मार्गावर त्या गाड्यांची गर्दी वाढली होती. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली होती. गाड्या होत्या, रूळ होते, मागणीही होती. नियोजन करणाऱ्यांच्या तक्त्यात सगळे जुळत होते.

तक्त्यात नव्हती ती माणसांची साखळी. साधी लोकल काढून वातानुकूलित लोकल आणली, की साध्या लोकलचा पासधारक तीत चढू शकत नाही, कारण तिचा पास कितीतरी पटींनी महाग आहे. तो मागच्या गाडीकडे वळतो. ती आधीच भरलेली असते. चढउतार लांबते, गाडीला उशीर होतो आणि तीन-चार मिनिटांच्या अंतराने धावणाऱ्या मार्गावर त्याचा धक्का मागच्या गाडीला बसतो. डोंबिवलीची एखादी बाई मग सीट मिळावी म्हणून उलटी कल्याणला जाऊन परत येते, म्हणजे रिटर्न करते. तिच्यामुळे कल्याणहून सुटणारी गाडी डोंबिवलीला येण्याआधीच भरते. दहा फेऱ्यांचा बदल दहा फेऱ्यांपुरता राहत नाही.

संस्थांमधल्या बदलाचा अभ्यास करणारे लोक ही गोष्ट बरीच वर्षे सांगत आहेत. डेव्हिड स्नोडन आणि मेरी बून यांनी २००७ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखात प्रश्नांचे प्रकार वेगळे केले. काही प्रश्न अवघड असतात, पण जाणकाराने नीट विचार केला तर त्यांचे उत्तर आधीच काढता येते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक घटक इतरांकडे पाहून आपली चाल बदलत असतो. तिथे कारण आणि परिणाम यांचा संबंध घटना घडून गेल्यावरच लक्षात येतो. अशा ठिकाणी आधी लहान प्रयोग करावा, काय घडते ते पाहावे आणि मग पुढचे पाऊल टाकावे.

पहिल्या प्रकाराचे उत्तम उदाहरणही ठाण्याचेच आहे. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात तब्बल ६३ तासांचा ब्लॉक घेऊन ठाणे स्थानकातला ५-६ क्रमांकाचा फलाट रुंद करण्यात आला. तयार काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले गेले, शेकडो फेऱ्या रद्द झाल्या, कार्यालयांना घरून काम देण्याची विनंती करण्यात आली. त्रास झाला, पण काम आखल्याप्रमाणे तडीस गेले. रेल्वेच्या अभियंत्यांचे यासाठी मनापासून कौतुक करायला हवे. मात्र फलाट रुंद करण्याची पद्धत वेळापत्रक बदलायला चालत नाही. काँक्रीटचा ठोकळा आपला निर्णय बदलत नाही, प्रवासी बदलतो.

हा भेद आता जिवाशी आला आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. त्याच दिवशी रेल्वे मंडळाने जाहीर केले की मुंबईच्या सर्व नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे असतील आणि जुन्या गाड्यांनाही ती बसवली जातील. वातानुकूलित नसलेल्या गाडीत हवा खेळती राहावी म्हणून दारांना झडपा, छतावर हवेची यंत्रणा आणि डब्यातून डब्यात जायला वाट असेल, असेही सांगण्यात आले. दारे हवीतच. त्याबद्दल दुमत असू नये.

पण दिव्याला सकाळी दार बंदच झाले नाही तर गाडी किती वेळ थांबेल? तिच्या मागच्या गाड्यांचे काय होईल? फलाटावर उरलेली माणसे कुठे जातील? याचे उत्तर कोणत्याही तक्त्यात नाही. एक गाडी, एक मार्ग आणि काही आठवडे घेऊन पाहिले तरच ते मिळेल. त्या काळात मोजलेले आकडे लोकांसमोर ठेवावेत आणि प्रयोग फसला तर मागे येण्याची तयारी आधीच जाहीर करावी. २०२२ ची माघार नामुष्की म्हणून आठवली जाते. खरे तर व्यवस्थापनाने सहा दिवसांत ऐकले आणि सुधारले. चूक झाली ती दहाही फेऱ्या एकदम बदलण्यात आणि कारशेडवर कोण चढते, हे आधी न विचारण्यात.

दुसरी गोष्ट रेल्वेच्या हाताबाहेरची आहे. गर्दी रेल्वे निर्माण करत नाही. दिव्यात इमारती कोणी मंजूर केल्या, कार्यालये दहाच्या सुमारालाच का भरतात, हे निर्णय वेगवेगळ्या दारांमागे होतात. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने नोव्हेंबर २०२३ पासून स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी साडेनऊ आणि साडेअकरा अशा दोन वेळा सुरू केल्या आणि शेकडो संस्थांना तसेच करण्याची पत्रे पाठवली. पत्र पाठवण्याआधी स्वतः करून पाहण्याची ही रीत योग्य आहे.

तीच रीत आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी धरावी. आपल्या मुख्यालयातल्या एखाद्या विभागाची वेळ तीन महिने बदलून पाहावी, कर्मचाऱ्यांना आणि नागरिकांना काय अडचण येते ते नोंदवावे आणि ते प्रसिद्ध करावे. रेल्वेने पुढचे वेळापत्रक ठरवण्याच्या बैठकीत कळवा, दिवा, मुंब्रा आणि डोंबिवलीच्या प्रवासी संघटनांना सुरुवातीपासून बसवावे. कोणती गाडी कुठून भरते, हे त्यांना ठाऊक आहे.