विश्लेषण : लष्कराचा जुना ट्रक घेताना टर्बो इंजिन की बिगर-टर्बो?

अमेरिकी लष्कराने सेवेतून काढलेले अवजड ट्रक लिलावात काही हजार डॉलरमध्ये मिळतात. शेतकरी, लाकूडतोडीचे व्यावसायिक, डोंगरदऱ्यांत गाड्या चालवणारे हौशी लोक ते घेतात. अशा ट्रकचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर भरपूर पाहिले जातात. बॉनेटखालून येणारी टर्बोची शिट्टी ऐकू आली, की ‘टर्बोवालाच घ्यावा’ असा सल्ला खाली हमखास वाचायला मिळतो. पण ज्या लष्कराने हे टर्बो बसवले, त्याचा हेतू ट्रक जोरात पळवण्याचा होता का? आणि खरेदीदाराने नेमके काय पाहावे?

हे ट्रक विक्रीला कसे येतात?

वापरातून बाद झालेल्या लष्करी साहित्याची विल्हेवाट लावण्याचे काम अमेरिकेत ‘डिफेन्स लॉजिस्टिक्स एजन्सी’ करते. वाहनांचे लिलाव ऑनलाइन होतात. ट्रक ‘आहे तसा’ विकला जातो, हमी मिळत नाही. काही वाहने केवळ रस्त्याबाहेरच्या वापरासाठीच विकली जातात, त्यामुळे नोंदणीची कागदपत्रे मिळणार की नाही, हे बोली लावण्याआधीच पाहावे लागते. या बाजारात दोन घराणी सर्वाधिक परिचित आहेत. एक अडीच टनी ‘एम-३५’ मालिका आणि दुसरी पाच टनी ‘एम-९३९’ मालिका. इंजिनाचा प्रश्न दोन्हींत येतो, मात्र उत्तर वेगवेगळे आहे.

टर्बो नेमके काय करतो?

डिझेल इंजिनात इंधन जाळायला हवा लागते. बिगर-टर्बो इंजिनात पिस्टन खाली जाताना जेवढी हवा ओढली जाईल तेवढीच मिळते. टर्बो इंजिनात सायलेन्सरकडे निघालेल्या गरम वायूच्या जोरावर एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरते. एरवी वाया जाणाऱ्या ऊर्जेवर चालणारा हा हवेचा पंप म्हणता येईल.

यातली मेख अशी की टर्बो हवा वाढवतो, इंधन नाही. ताकद वाढवायची तर इंजेक्शन पंपातून सुटणारे डिझेलही वाढवावे लागते. इंधन तेवढेच ठेवले आणि हवा वाढवली, तर ज्वलन सुधारते, धूर कमी होतो, पण ताकदीत मोठा फरक पडत नाही.

लष्कराने टर्बो कशासाठी बसवला?

‘एम-३५ ए-२’ ट्रकमध्ये ७.८ लिटरचे सहा सिलिंडरचे ‘मल्टिफ्यूएल’ इंजिन असते. रणांगणात मिळेल ते इंधन चालावे, म्हणून ते डिझेलशिवाय रॉकेल, विमानाचे इंधन, अडीअडचणीला पेट्रोलही जाळू शकेल असे बनवले गेले. सुरुवातीच्या बिगर-टर्बो इंजिनाचे नाव ‘एलडी-४६५’. पुढे टर्बो आला आणि नाव झाले ‘एलडीटी-४६५’. दोन्हींची ताकद साधारण १३० ते १४० अश्वशक्तीच्या घरात राहिली. टर्बो आला, पण ताकद जवळपास तेवढीच!

कारण हेतू वेगळा होता. बिगर-टर्बो इंजिन जोर लावताना काळा धूर ओकत असे. लष्करी ताफ्यासाठी असा धूर म्हणजे शत्रूला दुरून दिसणारी खूण. जास्तीच्या हवेने तो धूर कमी झाला. शिवाय विरळ हवेच्या डोंगराळ भागात इंजिनाचा दम टिकू लागला. म्हणजे अडीच टनी ट्रकवरचा टर्बो हा मुख्यतः धूर आणि उंची यांवरचा उपाय आहे.

मग वेग तरी वाढतो का?

सपाट रस्त्यावर फारसा नाही. या ट्रकचा कमाल वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास आहे. तो ठरतो इंजिनाच्या फेऱ्यांवर मर्यादा घालणाऱ्या गव्हर्नरमुळे आणि आसातील ६.७२ या गिअर गुणोत्तरामुळे. चाक एकदा फिरण्यासाठी दांडा पावणेसात वेळा फिरत असेल, तर टर्बो असो वा नसो, इंजिन आपल्या मर्यादेला त्याच वेगाला पोहोचते. फरक जाणवतो तो भरलेला ट्रक चढावर नेताना आणि उंचावर.

पाच टनी ट्रकचे गणित वेगळे का?

‘एम-९३९’ आणि ‘एम-९३९ ए-१’ या ट्रकमध्ये कमिन्सचे ‘एनएचसी-२५०’ हे १४ लिटरचे बिगर-टर्बो इंजिन आहे. नंतरच्या ‘ए-२’मध्ये कमिन्सचेच ८.३ लिटरचे टर्बो इंजिन आले. दोन्हींची ताकद कागदावर २४० अश्वशक्ती. ओढण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, जुन्या इंजिनात सुमारे ९३० न्यूटन-मीटर, तर नव्यात सुमारे १०१० न्यूटन-मीटर. जवळपास निम्म्या आकाराचे इंजिन टर्बोच्या आधाराने तेच काम करते, किंबहुना थोडे जास्तच.

इथे निवड स्वभावाची आहे. १४ लिटरचे इंजिन जड आहे, डिझेलही जास्त मागते. पण मोठ्या आकाराचे इंजिन सावकाश, कमी ताणाने चालते. टर्बो नसल्याने त्याच्या तेलाच्या नळ्या, बेअरिंग, हवेच्या जोडण्या यांची काळजी नाही. ८.३ लिटरचे इंजिन हलके आहे, उंचावर चांगले चालते, आणि त्याचे सुटे भाग बस, बोटी, बांधकामाच्या यंत्रांमुळे सहज मिळतात. त्यातच ‘ए-२’मध्ये चालकाला केबिनमधूनच टायरमधील हवा कमी-जास्त करता येते. चिखल-वाळूत जाणाऱ्याला हा फायदा इंजिनापेक्षाही मोठा वाटू शकतो.

उंचीचा हिशेब काय सांगतो?

बिगर-टर्बो इंजिनाची ताकद दर ३०० मीटर उंचीमागे अंदाजे ३ टक्क्यांनी घटते. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे. तिथे अशा इंजिनाची १५ टक्क्यांच्या आसपास ताकद जाते. कोलोरॅडोतल्या ३००० मीटरवरच्या वस्तीत ३० टक्के. म्हणजे १३० अश्वशक्तीचा ट्रक तिथे ९० अश्वशक्तीचा होतो. आपल्याकडच्या ५३५९ मीटर उंच खारदुंग ला खिंडीत तर जवळपास निम्माच जोर उरेल.

प्रश्न केवळ ताकदीचाही नाही. जुन्या यांत्रिक इंजेक्शन पंपाला उंची कळत नाही. हवा घटली तरी तो तेवढेच डिझेल सोडतो. परिणामी काळा धूर निघतो आणि तापमान वाढते. टर्बो ही तूट बरीचशी भरून काढतो. त्यामुळे टेक्सासच्या सपाट शेतावरचा खरेदीदार आणि रॉकी पर्वतातला खरेदीदार यांचे उत्तर एक असू शकत नाही.

धोका नेमका कुठे आहे?

टर्बो असलेला ट्रक हाती आला, की अनेकांना इंजेक्शन पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा मोह होतो. ताकद खरेच वाढते, पण सिलिंडरमधील उष्णताही वाढते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या वायूचे तापमान टर्बोच्या आधी सतत ६५० ते ७०० अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर पिस्टन वितळण्यापर्यंत वेळ येऊ शकते. मल्टिफ्यूएल इंजिनात दाबाचे प्रमाण मुळातच २२ला १ इतके चढे आहे. हेड गॅसकेट ही त्याची जुनी दुखरी जागा. म्हणून तापमापक बसवल्याशिवाय पंपाला हात लावू नये, असे जाणकार सांगतात. चढ संपल्यावर टर्बो इंजिन लगेच बंद न करता काही मिनिटे मंद चालू ठेवावे, हाही त्यांचा सल्ला असतो. नाहीतर तापलेल्या बेअरिंगमधले तेल करपते.

दुसरा धोका ब्रेकचा. ‘एम-३५ ए-२’ला एकाच सर्किटचे हायड्रॉलिक ब्रेक आहेत. एक नळी फुटली, की सगळ्या चाकांचे ब्रेक जाऊ शकतात. रिकामा असतानाच सहा टनांच्या आसपास वजन असलेल्या ट्रकला जास्तीची ताकद देण्याआधी तो थांबतो का, हे पाहणे शहाणपणाचे आहे.

भारताशी याचा काय संबंध?

मल्टिफ्यूएल इंजिनातील ज्वलनाची पद्धत जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या तंत्रावर आधारित होती. याच कंपनीच्या परवान्याखाली भारतीय लष्कराचा ‘शक्तिमान’ ट्रक १९५९पासून जबलपूरला बनू लागला. तोही बिगर-टर्बोच. दुसरा धागा पुण्याचा. १९६२मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सने, म्हणजे आजच्या कमिन्स इंडियाने, ‘एनएचसी-२५०’च्या कुटुंबातील इंजिने भारतात बनवली. भारतातील असंख्य जनरेटर अशाच इंजिनांवर चालले.

खरेदीदाराने काय पाहावे?

पहिली गोष्ट, इंजिनावरची पाटी. लष्करी कार्यशाळांमध्ये दुरुस्तीच्या वेळी इंजिने बदलली जात. त्यामुळे ट्रकचे साल पाहून आत कोणते इंजिन आहे, हे सांगता येत नाही. ‘एलडी’ की ‘एलडीटी’, हे पाटीच सांगते.

दुसरी, ट्रक कुठे आणि कशासाठी वापरायचा. सपाट भागात अधूनमधून वापर, घरीच दुरुस्ती आणि धुराचे फारसे वावडे नसेल, तर बिगर-टर्बो इंजिन स्वस्त आणि सोपे पडते. डोंगराळ भाग, नेहमीचे ओझे, जवळपास वस्ती असेल, तर टर्बो हवा.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, इंजिनाची आजची अवस्था. तेलात पाणी मिसळलेले, टर्बोचा दांडा बोटाने हलवला तर खुळखुळणारा, वर्षानुवर्षे उभा राहिलेला टर्बो ट्रक घेण्यापेक्षा नीट देखभाल झालेला बिगर-टर्बो ट्रक केव्हाही बरा. अमेरिकी लष्कराच्या त्यानंतरच्या पिढीच्या ट्रकमध्ये सर्वच इंजिने टर्बो आहेत. ते ट्रक लिलावात येत जातील तशी ही निवडच हळूहळू मागे पडेल. तोवर व्हिडिओतील शिट्टीपेक्षा इंजिनातील तेलाची दांडी बाहेर काढून पाहणे अधिक उपयोगाचे.