सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, ‘आता आम्ही डिलिव्हरी घेत नाही’, तर पुढे काय करायचं?

‘नाव कुठे घातलंय?’

घरात गोड बातमी कळली की शेजारीपाजारी आणि नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. नाव घालणं म्हणजे बाळंतपणासाठी एखाद्या दवाखान्यात नोंदणी करणं. एकदा नाव घातलं, फाइल तयार झाली की घरचे निम्मे निर्धास्त होतात.

पण ज्या मॅटर्निटी होममध्ये नाव घातलंय, त्यांनीच मधे सांगितलं तर? ओपीडी चालू राहील, तपासणी होईल, पण पुढच्या महिन्यापासून डिलिव्हरी बंद, तुम्ही दुसरीकडे बघा. पोटात सहा-सात महिन्यांचं बाळ असताना हे ऐकलं की पायाखालची जमीन सरकते. अशा वेळी डॉक्टरांची जबाबदारी काय, तुमचा हक्क काय आणि पहिल्या आठवड्यात करायचं काय, हे भिवंडीच्या उदाहरणावरून समजून घेऊ.

भिवंडीत हा प्रश्न जास्त का टोचतो?

भिवंडी हे यंत्रमागाचं आणि आता गोदामांचं शहर. २०११ च्या जनगणनेतच महापालिका हद्दीतली लोकसंख्या सात लाखांच्या पुढे होती. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगणातून आलेली हजारो कुटुंबं इथे राहतात. शिवाय पडघा, अनगाव, वज्रेश्वरी या बाजूच्या गावपाड्यांतले लोकही उपचारासाठी शहरातच येतात.

शहरातलं मुख्य सरकारी रुग्णालय म्हणजे इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय, लोकांच्या भाषेत ‘आयजीएम’. गुंतागुंतीची केस असली की तिथून ठाण्याचं जिल्हा रुग्णालय, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा थेट मुंबई असा प्रवास सुरू होतो. कळव्यात ऑगस्ट २०२३ मध्ये एका दिवसात १८ रुग्णांचा मृत्यू झाला होता. आजूबाजूच्या शहरांचा किती भार या एका रुग्णालयावर पडतो, याची चर्चा तेव्हा राज्यभर झाली.

नकाशावर ठाणे आणि कल्याण दोन्ही जवळ दिसतात, दहा-पंधरा किलोमीटरवर. पण भिवंडी मुंबईच्या मुख्य लोकल मार्गावर नाही. वसई-दिवा मार्गावरचं भिवंडी रोड स्टेशन आहे, मात्र कळा सुरू झाल्यावर त्याचा उपयोग नाही. उरतो रस्ता. अंजूरफाटा, मानकोली, कशेळी, राजनोली या नावांपुढे ‘ट्रॅफिक’ हा शब्द आपोआप येतो. त्यामुळे गल्लीतलं छोटं मॅटर्निटी होम ही इथल्या बाईसाठी चैन नाही. ते बंद झालं की अंतर तासांत मोजावं लागतं.

दवाखाने डिलिव्हरी बंद का करतात?

डॉक्टरांना दोष देऊन हा प्रश्न संपत नाही, कारण अडचण व्यवस्थेची आहे. बाळंतपणाला वेळापत्रक नसतं. एकट्या डॉक्टरच्या छोट्या दवाखान्यात रात्री दोनला उठायचं, भूलतज्ज्ञाला फोन करायचा, बालरोगतज्ज्ञाला बोलवायचं, रक्ताची सोय बघायची आणि सकाळी पुन्हा ओपीडीत बसायचं. वय साठीकडे झुकलं की हे झेपत नाही. मुलं डॉक्टर झाली तरी त्यांना असा चोवीस तासांचा बांधलेपणा नको असतो.

दुसरं कारण नियमांचं. दर तीन वर्षांनी नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण, जैववैद्यकीय कचऱ्याची व्यवस्था, अग्निशमन दलाचा दाखला. भंडारा जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला लागलेल्या आगीत १० नवजात बाळं गेली. त्यानंतर फायर ऑडिटचा आग्रह वाढला आणि तो बरोबरच होता. पण जुन्या निवासी इमारतीच्या पहिल्या मजल्यावरच्या आठ-दहा खाटांच्या दवाखान्याला दुसरा जिना आणायचा कुठून?

तिसरं कारण भीतीचं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव कधीकधी सगळं नीट करूनही आटोक्यात येत नाही. मार्च २०२२ मध्ये राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यात अशाच एका मृत्यूनंतर महिला डॉक्टरवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि त्या डॉक्टरने आयुष्य संपवलं. जपानमध्ये २००६ साली फुकुशिमा प्रांतातल्या एका प्रसूतितज्ज्ञाला सिझरमधल्या मृत्यूप्रकरणी अटक झाली. २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. पण तोवर तिथल्या अनेक रुग्णालयांनी बाळंतपणं घेणं थांबवलं होतं आणि जागा शोधत फिरणाऱ्या गरोदर बायकांसाठी ‘बाळंतपणाचे निर्वासित’ अशा अर्थाचा शब्दच रूढ झाला. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट या छोट्या शहरातल्या रुग्णालयानेही मार्च २०२३ मध्ये प्रसूती विभाग बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे हे दुखणं फक्त आपलं नाही.

पण डॉक्टरांना असं मधेच थांबता येतं का?

दवाखाना चालवायचा की नाही, डिलिव्हरी घ्यायच्या की नाही, हा डॉक्टरचा निर्णय. त्यांच्यावर सक्ती करता येत नाही. पण हातात घेतलेला पेशंट वाऱ्यावर सोडताही येत नाही.

डॉक्टरांच्या वर्तनाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. २००२ च्या नियमांनुसार कोणता पेशंट घ्यायचा हे डॉक्टर ठरवू शकतात. मात्र एकदा केस घेतली की दुर्लक्ष करता येत नाही आणि पेशंटला व कुटुंबाला पुरेशी आगाऊ सूचना दिल्याशिवाय केस सोडता येत नाही.

गोम आहे ती ‘पुरेशी’ या शब्दात. पुरेशी म्हणजे किती दिवस, हे नियमात लिहिलेलं नाही. चौथ्या महिन्यातल्या बाईला महिनाभर पुरेल, पण नवव्या महिन्यातल्या बाईला तोच महिना म्हणजे नकारच. म्हणून तारीख तोंडी ऐकून घरी येऊ नका. कोणत्या तारखेपासून डिलिव्हरी बंद, तोवर इमर्जन्सी आली तर कोण बघणार आणि पुढे कुणाकडे जायचं, हे लेटरहेडवर लिहून मागा. बहुतेक डॉक्टर देतात, कारण त्यात त्यांचंही संरक्षण आहे.

याच नियमांत दुसरी एक महत्त्वाची गोष्ट आहे. पेशंटने मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रं द्यावी लागतात. ‘फाइल दवाखान्याची असते’ हे उत्तर चालत नाही. मूळ प्रत ते ठेवतील, पण झेरॉक्स तुमचा हक्क आहे.

डॉक्टर बदलणं आपल्याला नवं नाही

पहिलं बाळंतपण माहेरी ही आपली जुनी रीत. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, ओटी भरली जाते आणि मुलगी आईकडे जाते. म्हणजे सहा-सात महिने सासरच्या गावातला डॉक्टर आणि शेवटचे दोन माहेरचा. लाखो बायकांनी असा मधेच डॉक्टर बदललाय आणि त्यांची बाळंतपणं सुखरूप झाली आहेत.

फरक इतकाच की तिथे बदल आधीपासून ठरलेला असतो. त्यामुळे धोका डॉक्टर बदलण्यात कमी आणि माहिती हरवण्यात जास्त असतो. कुठेच तपासणी न केलेली बाई थेट कळा घेऊन आली की डॉक्टर धास्तावतात. भरलेली फाइल घेऊन वेळेत आलेली बाई मात्र त्यांना ओझं वाटत नाही.

फाइलमध्ये काय असलंच पाहिजे?

सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. बाळाची तारीख त्यावरून सर्वात नेमकी कळते. तो रिपोर्ट हरवला तर नवे डॉक्टर शेवटच्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर अंदाज बांधतात आणि तिथे एक-दोन आठवड्यांची चूक सहज होते. दिवस भरलेत की नाहीत, हे ठरवताना ती चूक महागात पडते.

याशिवाय हे बघा:

• रक्तगट. निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं का, कधी? ते साधारण २८ व्या आठवड्यात देतात.
• हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी आणि व्हीडीआरएल यांचे रिपोर्ट.
• पाचव्या महिन्यातली, बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी.
• प्रत्येक भेटीतलं बीपी आणि वजन. एकच आकडा नको, सगळे हवेत, कारण बीपी कसं चढत गेलं हे त्यातूनच कळतं.
• धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या तारखा आणि चालू असलेल्या गोळ्यांची यादी.
• आधी सिझर झालं असेल तर त्या ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड.

सगळ्या कागदांचे फोटो काढून दोन मोबाइलमध्ये ठेवा. एक नवऱ्याचा आणि एक घरात कायम असणाऱ्या व्यक्तीचा.

नवीन ठिकाणी काय विचारायचं?

आपण सहसा दोनच गोष्टी विचारतो: पॅकेज किती आणि डॉक्टर बाई आहेत का. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण त्याआधी हे विचारा. रात्री कळा आल्या तर दवाखान्यात कोण असतं, डॉक्टर की फक्त सिस्टर? भूलतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? रक्त लागलं तर कुठल्या रक्तपेढीतून येतं? बाळाला काचेत ठेवावं लागलं तर सोय इथेच आहे की दुसरीकडे? आणि इथे नाही जमलं तर तुम्ही कुठे पाठवता?

उत्तरं अडखळत आली तर बोर्ड कितीही चकचकीत असो, पुढचा दवाखाना बघा. महापालिकेचं नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र भिंतीवर आहे का, तेही पाहा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासता येतो. घाईत असलेली कुटुंबंच बोगस डॉक्टरच्या हाती लागतात.

कितवा महिना, त्यावर घाई ठरते

पाचव्या महिन्यापर्यंत असाल तर दोन-तीन ठिकाणं बघून ठरवायला वेळ आहे. सहावा-सातवा असेल तर पंधरा दिवसांत नाव घाला. आठवा लागला असेल तर त्याच आठवड्यात. बीपी, साखर, जुळं, आधीचं सिझर, वार खाली असणं किंवा कमी हिमोग्लोबिन यांपैकी काहीही असेल तर महिना न मोजता दोन-तीन दिवसांत मोठ्या रुग्णालयात दाखवा.

आणि ठरेपर्यंत एक काम आजच करा. आयजीएममध्ये किंवा जवळच्या सरकारी केंद्रात नाव घालून ठेवा. खासगीत नोंदणी असली म्हणून सरकारी नोंदणीला मनाई नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. वस्तीतल्या आशाताईंना गाठलं तर माता-बाल संरक्षण कार्डही निघतं.

पैशांचं काय?

जुन्या दवाखान्यात डिलिव्हरीचे आगाऊ पैसे भरले असतील तर ते परत मागा, पावतीसकट आणि लेखी. न मिळाल्यास ग्राहक आयोगाचा रस्ता खुला आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. विमा असेल तर नवा दवाखाना कॅशलेसच्या यादीत आहे का, ते नाव घालण्याआधी बघा.

सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम लागू आहे. त्यात नॉर्मल असो की सिझर, बाळंतपण, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरून नेणं-आणणं मोफत आहे. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड आधीच तयार ठेवा. कळा सुरू झाल्यावर तहसील कार्यालय उघडं नसतं.

आणि सोय होण्याआधीच कळा सुरू झाल्या तर?

१०८ ला फोन करा. रक्तस्राव, पाणी जाणं, झटका, डोळ्यांपुढे अंधारी, असह्य डोकेदुखी किंवा बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही असेल तर ‘आपलं नाव तिथे नाही’ म्हणून घरी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला आधी जीव वाचवणारे उपचार द्यायचे, पैशांचं नंतर बघायचं, हे राज्याच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांतही आहे.

नियम कागदावर राहतो तेव्हा काय होतं, हे मार्च २०२५ मध्ये पुण्यात दिसलं. जुळ्यांची आई होणाऱ्या एका महिलेसाठी दीनानाथ मंगेशकर रुग्णालयाने १० लाखांची अनामत मागितली, असा आरोप कुटुंबाने केला. दुसरीकडे बाळंतपण झालं, मुली वाचल्या, आई गेली. त्यानंतर इमर्जन्सीत अनामत घेणार नाही, असं रुग्णालयाने जाहीर केलं.

सरकारने काय करायला हवं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. बायकांनी घरचं बाळंतपण सोडून दवाखान्यावर विश्वास टाकला, हे मोठं यश आहे. मग तो दवाखाना बंद होताना त्यांचा विचार व्हायला नको का?

उपाय फार खर्चिक नाहीत. डिलिव्हरी बंद करणाऱ्या दवाखान्याने महापालिकेच्या आरोग्य विभागाला किमान तीन महिने आधी कळवावं, नाव घातलेल्या बायकांची यादी त्यांच्या परवानगीने द्यावी आणि विभागाने प्रत्येकीची सोय झाली का हे आशाताईंमार्फत बघावं. खासगी दवाखाना बंद होणं ही खासगी बाब असेल, पण त्या यादीतल्या बायकांची बाळंतपणं तशी नाहीत.

तोवर तुमच्या घरात किंवा चाळीत कुणी गरोदर असेल तर आज एवढंच विचारा: नाव कुठे घातलंय, आणि तिथे नाही जमलं तर दुसरीकडे कुठे घातलंय?