घानाचें स्वातंत्र्य आणि त्यापुढचें पान



इतिहासाच्या पुस्तकांत परतंत्र देशाचें प्रकरण बहुधा स्वातंत्र्याच्या दिवशीं संपतें. जुनें निशाण उतरलें, नवें चढलें, कीं पुढचें पान दुसऱ्या देशाचें! ही पद्धत मला सदोष वाटते. पारतंत्र्य जाणें ही एक गोष्ट आणि स्वातंत्र्य नांदणें ही दुसरी. पश्चिम आफ्रिकेंतील घाना या देशाच्या उदाहरणानें हें माझें मत मी आपणांपुढें मांडतों.

हा देश पूर्वीं गोल्ड कोस्ट म्हणजे सुवर्णकिनारा या नांवानें ओळखला जाई. युरोपीय व्यापारी येथें प्रथम सोन्यासाठीं आले आणि पुढें माणसांचाच व्यापार करूं लागले. ६ मार्च १८४४ रोजीं किनाऱ्यावरील कांहीं फान्टी सरदारांनीं इंग्रजांशीं करार केला. १८७४ सालीं किनारा इंग्रजांची वसाहत झाला. आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं अशान्टीचें बलाढ्य राज्यहि खालसा झालें. आफ्रिकी शेतकऱ्यांनीं आपल्या कष्टानें कोकोची लागवड इतकी वाढविली कीं, १९११ च्या सुमारास हा लहानसा मुलूख कोकोच्या उत्पन्नांत जगांत पहिला ठरला. परंतु भाव ठरविणारे परके आणि कायदे करणारेहि परकेच.

याच काळांत तेथें शाळा निघाल्या. बासेल मिशनच्या लोकांनीं तेथील ट्वी भाषेचा अभ्यास करून १८७१ सालीं संपूर्ण पवित्र शास्त्र त्या भाषेंत आणलें. पुढें आक्रा शहराजवळ अचिमोटा येथें सरकारी विद्यालय उभें राहिलें. त्याच्या बोधचिन्हावर पियानोच्या काळ्या व पांढऱ्या पट्ट्या आहेत. दोन्ही वाजल्या तरच सूर जुळतो, हा त्यांतील भाव. ज्याला लिहितां-वाचतां येऊं लागलें, त्याला आपण गुलाम कां, हा प्रश्न सुचल्यावांचून कसा राहील? स्वातंत्र्याच्या लढ्याचे पुढारी क्वामे एन्क्रुमा हे कॅथॉलिक मिशनच्या शाळेंत शिकले, अचिमोटा येथें तयार झाले, आणि प्रथम शिक्षकाचेंच काम करीत होते.

दुसऱ्या महायुद्धांत तेथील सैनिक ब्रह्मदेशांत जपान्यांशीं लढले. घरीं परतल्यावर कबूल केलेलें वेतन व काम मिळेना, म्हणून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं ते निःशस्त्र असे गव्हर्नरच्या वाड्याकडे अर्ज घेऊन निघाले. पोलिसांनीं गोळीबार केला व तिघे माजी सैनिक ठार झाले. देश पेटला. एन्क्रुमा, डान्क्वा, ओबेत्सेबी-लॅम्प्टी, अको-अजेई, ओफोरी-अट्टा व अकुफो-अड्डो या सहा पुढाऱ्यांस सरकारनें अटकेंत ठेवलें. पुढें एन्क्रुमा यांनीं १९४९ सालीं वेगळा पक्ष स्थापिला आणि १९५० सालीं महात्मा गांधींच्या मार्गापासून स्फूर्ति घेऊन संप व बहिष्कार पुकारला. त्यांस पुन्हा तुरुंगवास घडला. परंतु १९५१ सालच्या निवडणुकींत ते तुरुंगांतूनच निवडून आले. अखेर ६ मार्च १९५७ रोजीं, १८४४ च्या कराराच्या तिथीसच, घाना स्वतंत्र झाला.

पुस्तक येथें मिटतें. माझें म्हणणें असें कीं, खरा धडा येथून सुरू होतो.

एन्क्रुमा यांचा एक उपदेश प्रसिद्ध आहे. शुभवर्तमानांतील शिकवणीला वळण देऊन ते म्हणत कीं, प्रथम राजकीय राज्य मिळवा, म्हणजे बाकी सर्व कांहीं मिळेल. परंतु मूळ शिकवणींत राज्याच्या जोडीला नीतिमत्त्व शोधण्याची आज्ञा आहे. राजकीय आवृत्तींत नेमका तोच शब्द गळाला. १९५८ सालीं कायदा झाला कीं, सरकारास धोकादायक वाटेल त्या मनुष्यास चौकशीवांचून पांच वर्षेंपर्यंत डांबून ठेवतां यावें. ज्यांनीं १९४८ सालीं एन्क्रुमांबरोबर अटक सोसली, त्यांपैकीं ओबेत्सेबी-लॅम्प्टी हे १९६३ सालीं आणि डान्क्वा हे १९६५ सालीं अटकेंत असतांनाच वारले. अको-अजेई यांस न्यायालयानें निर्दोष ठरविलें, तों सरन्यायाधीशांसच दूर करण्यांत आलें व खटला पुन्हा चालविला गेला. १९६४ सालीं एकच पक्ष कायदेशीर राहिला. मतपेटीचा मार्ग बंद झाल्यावर बंदुकीचा उघडला, आणि २४ फेब्रुवारी १९६६ रोजीं सैन्यानें सत्ता घेतली.

एन्क्रुमांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें पुष्कळ आहे. त्यांनीं शाळा वाढविल्या, टेमाचें बंदर व अकोसोंबोचें मोठें धरण बांधलें. १९६२ सालीं त्यांच्यावर बाँबहि फेंकला गेला. तेव्हां त्यांचें भय अगदींच निराधार नव्हतें. शिवाय चौकशीवांचून अटकेचा कायदा आपल्या देशानेंहि १९५० सालीं केला होता, हें विसरून दुसऱ्यास नांवें ठेवणें बरें नव्हे. तरीहि मी म्हणेन कीं, परक्या राज्यांत जो अन्याय, तो स्वकीयांच्या राज्यांत न्याय होऊं शकत नाहीं. तुरुंगाच्या किल्ल्या आपल्या माणसाच्या हातीं आल्यानें कैदी मोकळा होत नसतो.

यावरून आफ्रिकी लोक स्वराज्यास नालायक, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मोठीच चूक करील. त्याच लोकांनीं अनेक लष्करी राजवटी सोसून १९९२ सालीं नवी घटना मंजूर केली. जानेवारी २००१ मध्यें तेथें प्रथमच सत्ताधारी पक्षानें निवडणुकींत हरून विरोधकांच्या हातीं शांतपणें सत्ता दिली. २००८ च्या अध्यक्षीय निवडणुकींत अखेरचा निकाल अवघ्या चाळीस हजार मतांच्या फरकानें लागला, तरी सत्ताधारी पक्ष पायउतार झाला. पुढें २०१७ व २०२५ सालींहि सत्तेचें असेंच हस्तांतर झालें. दारिद्र्य कांहीं संपलें नाहीं. २०२२ सालीं परदेशी कर्जाचे बहुतेक हप्ते थांबविण्याची पाळी त्या देशावर आली. तथापि राज्यकर्त्यास घरीं पाठविण्याचा हक्क लोकांपाशीं राहिला, ही मिळकत लहान नव्हे.

म्हणून माझ्या मतें घानाचे दोन दिवस सारखेच पूज्य होत: एक १९५७ सालचा, ज्या दिवशीं परक्यांनीं सत्ता सोडली, आणि दुसरा २००१ सालचा, ज्या दिवशीं स्वकीयांनीं ती सोडली. पहिल्यासाठीं धैर्य लागतें, दुसऱ्यासाठीं संयम. आपल्या वादसभेंत विरुद्ध बाजूचा मुलगा बोलावयास उभा राहिला कीं, जे त्यास ओरडून खालीं बसवितात, त्यांनीं डान्क्वांच्या मरणाचा वृत्तान्त एकदां अवश्य वाचावा. आपलें मत पडलें असतांहि दुसऱ्या दिवशीं त्याच वर्गांत, त्याच मित्राशेजारीं प्रसन्न मनानें बसतां येणें, ही संवय शाळेंत लागली नाहीं, तर पुढें ती लागणें फार कठीण.