मोदकाची अक्षरे आली, नानखटाईची केव्हा?

व्यापारी बांधवांसमोर आज एक असा विषय मांडत आहे, ज्याला आपण "प्रेसवाल्याचे काम" समजून बाजूला सारतो. तो विषय म्हणजे आपल्या मालावरचे अक्षर. दुकानाची पाटी, मिठाईचा डबा, बेकरीचे पाकीट, हॉटेलचे मेनूकार्ड, यांवरचे अक्षर कोणी निवडले असे विचारा, बहुतेक ठिकाणी उत्तर मिळेल, "कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोराने टाकले." तूप स्वतः हुंगून घेणारा, मैदा बोटांत चोळून पाहणारा, वेलचीचा दाणा दाताखाली धरणारा व्यापारी अक्षराच्या बाबतीत मात्र समोर येईल ते पत्करतो. माझे मत असे आहे की अक्षर हादेखील माल आहे. तो पारखून घ्यावा आणि बाजारात मनाजोगा नसेल तर कारागिराकडून बनवून घ्यावा.

मी कापडाच्या धंद्यातला माणूस. आमच्या धंद्याला ही गोष्ट फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. मँचेस्टरहून कापड येत असे तेव्हा प्रत्येक ठाणावर रंगीत छापील तिकीट चिकटवलेले असायचे. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांनीही तीच रीत धरली. गिऱ्हाईक निरक्षर असले तरी तिकिटावरचे चित्र पाहून "तोच छाप द्या" म्हणायचे. कापड धुतल्यावर तिकीट जायचे, पण नाव मनात राहायचे. आज गिऱ्हाईक वाचता येणारे आहे. त्यामुळे चित्राचे काम आता अक्षराला करावे लागते.

मोदकाचे उदाहरण

मुंबईत 'एक टाईप' नावाची अक्षरे बनवणाऱ्यांची संस्था आहे. त्यांनी 'मोदक' नावाचा फॉन्ट तयार केला. देवनागरी अक्षरे सारंग कुलकर्णी यांची आणि रोमन अक्षरे मैथिली शिंगरे यांची. हा फॉन्ट गूगलच्या फॉन्ट-संग्रहात सर्वांसाठी मोफत ठेवलेला आहे. अक्षरे अशी गुबगुबीत, की सारण भरून फुगवल्यासारखी वाटावीत. अक्षराच्या पोटातली मोकळी जागा जवळजवळ भरून टाकली आहे आणि तिथे फक्त बारीक चिरा ठेवल्या आहेत. मला त्या चिरा मोदकाच्या कळ्यांसारख्या दिसतात. लहान मूलही ते अक्षर पाहून हसते. खाण्याच्या वस्तूवर, मुलांच्या पुस्तकावर, सणाच्या जाहिरातीवर ते शोभते.

असे फुगीर अक्षर काही नवीन नाही. अमेरिकेत 1922 साली ऑस्वल्ड कूपर यांचे 'कूपर ब्लॅक' आले. गोल, जाड, पावासारखे मऊ असे ते अक्षर शंभर वर्षांनंतरही खाण्याच्या पाकिटांवर आणि हॉटेलांच्या पाट्यांवर दिसते. रोमन लिपीला अशी अक्षरे मुबलक मिळाली. आपल्या लिप्यांना ती फार उशिरा आणि फार थोडी मिळाली.

काही बांधव म्हणतील, मोदक हे नाव आपल्या मिठाईवर कसे चालेल? फॉन्टचे नाव डब्यावर छापले जात नाही, छापला जातो तो अक्षराचा घाट. आणि घाटाचा मजहब नसतो. तरीही या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. मोदकाचा घाट मोदकाचा आहे. नानखटाई, खाजा, जलेबी, शिरमाल यांना स्वतःचा घाट आहे. तो अक्षरात उतरवण्याचे काम कोणी करायचे? जे रोज ती वस्तू बनवतात आणि विकतात त्यांनीच पुढे आले पाहिजे.

खेळकर अक्षर गंमत म्हणून बनत नाही

दिसायला ही गंमत वाटते, पण काम कापडाच्या डिझाइनसारखेच काटेकोर आहे. साडीच्या नमुन्यात एक बुट्टी सुंदर काढणे सोपे. ती सहा वार कापडावर पुन्हा पुन्हा आली तरी डोळ्याला खुपू नये, हे अवघड. तसेच एक 'क' फुगवून काढणे कोणालाही जमेल. पण देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकृत्या लागतात. प्रत्येक आकृती दुसऱ्या कोणत्याही आकृतीशेजारी बसली पाहिजे. म्हणूनच एका फॉन्टमागे महिनोन्‌महिने जातात.

जाड अक्षरातला सर्वांत मोठा धोका रंगारी लोकांना लगेच समजेल. ठशाने छापताना रंग पसरला की नक्षीची बारीक भोके बुजतात. अक्षरातही तेच होते. 'ध' आणि 'घ' यांत, 'भ' आणि 'म' यांत मुख्य खूण शिरोरेषेतल्या फटीची. छपाईत ती फट बुजली की 'धनिया'चा 'घनिया' होतो आणि 'भजी'ची 'मजी'. 'ख'चे दोन भाग सुटे पडले तर 'खाजा' हा 'रवाजा' वाचला जातो. पुठ्ठ्याच्या स्वस्त डब्यावर शाई जास्त पसरते, म्हणून अक्षर निवडताना ते चकचकीत कागदावर न पाहता ज्या पुठ्ठ्यावर छापायचे त्यावरच छापून पाहावे.

पदार्थाचा घाट घेतानाही अक्कल लागते. जलेबीची रेघ सलग फिरते आणि स्वतःतच मिळते. 'ह', 'इ', 'ळ' या अक्षरांत ती छान बसेल, पण सगळीच अक्षरे वेटोळी केली तर वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल. शेवयांसारखी बारीक समांतर रेघांची अक्षरे मोठ्या पाटीवर खुलतील आणि लहान पाकिटावर नाहीशी होतील. नानखटाई मला सर्वांत योग्य वाटते. गोल, फुगलेली, वर एक-दोन तडे. आकार सोपा, ओळख पक्की. तो तडा अक्षराची पोटातली जागा मोकळी ठेवायला उपयोगी पडेल, म्हणजे नक्षीची नक्षी आणि वाचायची सोय.

कातिबाचा हुनर

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले, त्यामुळे अक्षराशी माझी पहिली ओळख तख्ती आणि बरूच्या कलमाने झाली. नस्तालीक लिपीत प्रत्येक हर्फाचे माप कलमाच्या टोकाने उमटणाऱ्या नुक्त्याने मोजतात. किती नुक्ते उंच, किती नुक्ते रुंद, हे ठरलेले असते. आजच्या फॉन्ट बनवणाऱ्याचे सारे काम अशाच मोजमापाचे आहे. म्हणजे ज्या हुनराला आपण जुना झाला म्हणून सोडून दिले, त्याची गरज नव्या धंद्यात आहे.

हा हुनर कसा मागे पडला तेही पाहावे. नस्तालीकचे शब्द तिरके, एकावर एक उतरणारे. ते शिशाच्या खिळ्यांत नीट बसेनात. म्हणून उर्दूने दगडी छापखान्याचा आसरा घेतला आणि कातिबांची रोजी दीर्घकाळ टिकली. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडआकृत्या हाताने लिहून काढल्या, त्यांवरून नूरी नस्तालीक तयार झाले आणि 1981 साली लाहोरच्या 'जंग' दैनिकात ते वापरात आले. 1994 साली 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले आणि मजकूर लिहिण्याचे काम कातिबाच्या हातून सुटले. इकडे पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचे काम फ्लेक्सच्या मशीनने घेतले. दोन्ही धंद्यांत आपल्या समाजाचे कितीतरी हात होते.

यात लक्षात घेण्याजोगी बाब ही, की नूरी नस्तालीक कॉम्प्युटरने लिहिले नाही, ते एका खुशनवीसाच्या हाताने लिहिले. मशीन फक्त त्या हाताची नक्कल लाखो वेळा काढते. ज्या कातिबाचा हात मशीनमध्ये गेला त्याचे नाव राहिले. बाकीच्यांची दुकाने बंद झाली. हनीफ कुरेशी नावाच्या कलावंताने हीच गोष्ट ओळखून पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांची वळणे गोळा केली आणि त्यांचे फॉन्ट बनवले. 'पेंटर काफील' हा त्यातलाच एक, पेंटरच्याच नावाने. कुरेशी यांचे 2024 मध्ये निधन झाले. त्यांनी दाखवलेली वाट मात्र खुली आहे.

आता गरज का आहे

महाराष्ट्रात 2022 च्या कायदेदुरुस्तीने लहान-मोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान नसावे असे ठरले. सप्टेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. तेव्हा आपल्या बाजारांत काय झाले? घाईघाईने जी मिळेल ती देवनागरी चिकटवली गेली. इंग्रजी नाव झोकदार, उर्दू नाव डौलदार आणि मराठी नाव सरकारी नोटिशीसारखे. दंड चुकवण्यासाठी लावलेली पाटी गिऱ्हाइकालाही तशीच दिसते. ज्या भाषेत आपण रोज सौदा करतो, तिला पाटीवर परक्यासारखे का वागवावे?

उर्दूचाही प्रश्न आहे. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीसोबत उर्दू असावी की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि एप्रिल 2025 मध्ये कोर्टाने उर्दूला मनाई नसल्याचा निर्णय दिला. कायद्याने दोन्ही लिप्या शेजारी नांदू शकतात. मग त्या एकाच कारागिराने विणलेल्या काठ-पदरासारख्या एकमेकींना शोभाव्यात, एवढे तरी आपण करावे. देवनागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत एकाच घाटाचा फॉन्ट, हे आपल्या बाजाराचे खरे काम आहे. देवनागरीत नानखटाईचा तडा, उर्दूत नुक्त्यांच्या जागी चारोळीचे दाणे. पाहताच समजावे की हे एकाच घरचे.

काम कसे करावे

खर्चाचा मुद्दा निघणारच. एकट्या दुकानदाराला नवा फॉन्ट बनवून घेणे जड जाईल. पण एका बाजारातले मिठाईवाले, बेकरीवाले आणि हॉटेलवाले मिळून एक फॉन्ट बनवून घेऊ शकतात. रमजानच्या बाजारासाठी आपण एकत्र वर्गणी काढून रोषणाई करतो. ती रोषणाई ईदनंतर उतरते. अक्षर वर्षानुवर्षे चालते. त्या कामात फॉन्ट बनवणाऱ्या तज्ज्ञासोबत एखादा जुना कातिब किंवा पेंटर बसवावा, त्याला मजुरी आधी ठरवून द्यावी आणि फॉन्टवर त्याचे नाव असावे. कारागिराचा हात घेऊन नाव गाळणे ही इमानदारीची तिजारत नव्हे.

फॉन्ट बनवून घेताना किंवा निवडताना काही गोष्टी पाहून घ्याव्यात. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' आहे का? 'ळ' नीट आहे का? 'वऱ्हाडी'मधला अर्धा र येतो का? 'ॲ' आहे का? फॉन्ट युनिकोडचा आहे का? नाहीतर एका मशीनवर लिहिलेले दुसऱ्या मशीनवर अगम्य चिन्हे होऊन बसते.

परवान्याचेही बघावे. 'मोदक'सारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट डब्यावर, पाटीवर, जाहिरातीत पैसे न देता वापरता येतात; फक्त तो फॉन्टच सुटा विकायला बसता येत नाही. जे फॉन्ट विकत घ्यायचे असतात ते चोरून वापरू नयेत. आपल्या ठाणावरची नक्षी दुसऱ्याने उचलली तर आपण भांडायला उठतो. अक्षर बनवणाऱ्याचीही मेहनतच असते.

आणि मर्यादाही ओळखावी. खेळकर अक्षर फक्त नावापुरते ठेवावे. घटक, वजन, किंमत, तारीख हे साध्या, स्पष्ट अक्षरातच हवे. आकड्यांच्या उंचीचे नियम वजनमापे कायद्याखाली ठरलेले आहेत, आणि अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत द्यावी लागते. सारेच अक्षर नाचरे केले तर गिऱ्हाइकाला शंका येते की काहीतरी लपवले आहे.

अक्षराने माल चांगला होत नाही, हेही सांगितले पाहिजे. "ऊंची दुकान, फीका पकवान" ही म्हण आपल्या बाजारातच जन्मली आहे. शिळ्या तुपातली मिठाई सुंदर डब्यात घातली तर गिऱ्हाईक एकदाच फसते. पण आपल्या कितीतरी ठिकाणी उलटे चित्र आहे. पकवान अव्वल, आणि नाव अशा अक्षरात की शेजारच्या मोबाईलच्या दुकानाची पाटी वाटावी. तीन पिढ्यांची चव असलेल्या भट्टीला स्वतःचा चेहरा नसतो आणि कालची कंपनी तीच नानखटाई देखण्या पाकिटात घालून दुप्पट भावाने विकते. हा तोटा हिशेबाच्या वहीत दिसत नाही, म्हणून तो चालू राहतो.

बाजार समित्यांनी आणि व्यापारी मंडळांनी पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. आपल्या गावात अजून ब्रश धरणारा पेंटर कोण, कलम धरणारा कातिब कोण, याची यादी करावी. त्यांचे वय वाढत आहे. हात शाबूत आहेत तोवर त्यांच्याकडून अक्षर लिहून घ्यावे.